खोक्यातली दिवाळी

वसुबारसेच्या दुपारी चार वाजता धाकटी जाऊ प्राची रिक्षातून उतरली, तेव्हा रूपाली गॅलरीतच उभी होती. वाट बघत नव्हती, असं तिनं नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. तुळशीला पाणी घालायला आले, म्हणाली होती. तुळस बिचारी सकाळपासून तीनदा न्हाली होती.

प्राचीच्या मागून नणंद राजनंदिनी उतरली आणि रूपालीनं तांब्या कठड्यावर आपटला. दोघी एकाच रिक्षातून! नंदिनी राहते मांजलपूरला, प्राची छाणीला. बडोद्याची ही दोन टोकं. दांडिया बाजारला यायला दोघींना एक रिक्षा कशी काय सापडली? म्हणजे नंदिनी आजही आधी छाणीला जाऊन आली होती. गणपतीपासून हेच चाललं होतं. फोन केला की, "वहिनीसाहेब, मी प्राचीकडे आहे." दुपारी प्राचीकडे, शनिवारी प्राचीकडे. धाकट्या भावाच्या घरात असं काय सोनं पुरलं होतं कोण जाणे.

हा जळफळाट उगाच नव्हता. रूपाली लग्न होऊन या घरात आली तेव्हा नंदिनी सातवीत होती. तिच्या वेण्या घातल्या रूपालीनं, तिला नापास झाल्यावर आईसाहेबांच्या रागापासून लपवलं रूपालीनं, लग्नात पाठवणीच्या वेळी आईला सोडून ती गळ्यात पडून रडली ती रूपालीच्या. बाकी नणंदा-भावजयांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणे. या दोघींचं मात्र नात्यागोत्यात उदाहरण देत. आणि आता ती पाच वर्षांपूर्वी घरात आलेली, रेल्वेवाल्याची मुलगी प्राची, रिक्षातून उतरताना नंदिनीच्या हातातली पिशवी स्वतः घेत होती.

"आल्या का गं?" आतून सासूबाईंनी, कुसुमावतींनी विचारलं.

"आल्या. खोकं घेऊन," रूपाली म्हणाली.

खोक्यांचं रामायण वर्षभर चाललं होतं. छाणीला वसुंधराबेन म्हणून एक बाई दिवाळी हॅम्परची योजना चालवत. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि वसुबारसेला सजवलेलं खोकं घरी न्यायचं. तूप, काजू-बदाम, मठिया, चोळाफळी असलं गुजराती फरसाण, चकली, मिठाई, पणत्या, रांगोळी, सगळी दिवाळी एका खोक्यात. प्राचीनं गेल्या दिवाळीच्या पाडव्याला घरातल्या सगळ्यांची नावं घातली होती. कुसुमावतींनी हौसेनं हो म्हटलं. रूपालीनं सासूला नको दिसायला म्हणून हो म्हटलं आणि त्या दिवसापासून दर महिन्याला पैसे देताना तोंड असं केलं की जणू दात काढून देत होती.

पण आज तिनंही तयारी ठेवली होती. खोक्यात काय काय येणार याचा फोटो प्राचीनं दसऱ्यालाच सगळ्यांना पाठवला होता. रूपाली दोन दिवस खंडेराव मार्केट आणि मंगळ बाजार पालथा घालत होती. फोटोतली एकेक वस्तू तिनं सुटी घेतली होती, तेवढ्याच पैशांत, आणि वेताच्या टोपलीत रचून टोपली दिवाणखान्यात मधोमध ठेवली होती. वर लाल ओढणी झाकली होती. नवऱ्यानं, समरजितनं, सकाळी विचारलंही होतं, "कुणाची ओटी भरायची आहे?"

"भरायची नाही, उघडायची आहे," रूपाली म्हणाली होती.

या घराची एक रीत होती. घराण्यातल्या थोरल्या सुभानरावांच्या काळी, म्हणजे महाराजांच्या पागेत ते होते तेव्हा, दिवाळीचं तळण घरातून पागेतल्या शिपायांना जायचं. जाण्याआधी घरातली मोठी बाई वसुबारसेला प्रत्येक जिन्नसाची चव घ्यायची आणि "जाऊ द्या" म्हणायची. मगच डबे भरायचे. पागा गेली, महाराजांचं राज्य विलीन झालं, घराचा फ्लॅट झाला. चव घेणं मात्र राहिलं. आता कुसुमावती चव घेत, आणि इतकी वर्षं ती रूपालीच्या हातची असे. "जाऊ द्या" हे दोन शब्द ऐकायला रूपाली आठ दिवस ओट्यापाशी उभी राहायची.

दोघी वर आल्या. प्राचीनं खोकं टेबलावर ठेवलं आणि सासूला नमस्कार केला.

"अनुज कुठे?" कुसुमावतींनी धाकट्या मुलाबद्दल विचारलं.

"सेकंड शिफ्ट आहे, आईसाहेब. बाकीची खोकी तो रात्री आणेल. हे एक चवीसाठी आधी आणलं." प्राची रूपालीकडे वळली. "ताई, किती मस्त वास येतोय! तळण झालं पण?"

"आमचं आपलं हातानं करायचं असतं बाई, लवकर सुरू करावं लागतं," रूपाली म्हणाली. मग नंदिनीला म्हणाली, "तू वाळलीस गं. छाणीला जेवायला घालत नाहीत वाटतं?"

नंदिनी हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "घालतात की, वहिनीसाहेब."

घालतात! रूपालीच्या मनात तो शब्द टाचणीसारखा राहिला.

चहा झाला. खोकं उघडलं गेलं. सोनेरी कागद, त्यात एकसारखी पाकिटं, झाकणावर लक्ष्मीची पावलं. कुसुमावतींचे डोळे लहान मुलीसारखे चमकले. "वा! काय देखणं केलंय गं. अगदी राजवाड्यातून आल्यासारखं."

एवढं पुरे झालं. रूपालीनं ओढणी ओढली.

"आता हे बघा," ती म्हणाली. "तेवढेच पैसे. एक रुपया जास्त नाही. तूप खोक्यात अर्धा किलो, माझ्याकडे एक किलो. काजू खोक्यात तुकडा, माझ्याकडे अख्खा. बदाम बघा, हाताला लागतात. पणत्या त्यांच्या साच्यातल्या, माझ्या कुंभारवाड्यातल्या. आणि वर हे अंजीर, ते तर खोक्यात नाहीच!"

समरजितनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. विमा कंपनीत जन्म गेलेला माणूस, हप्ता म्हटला की त्याचे कान टवकारले जात. त्यानं टोपली पाहिली, खोकं पाहिलं आणि मान डोलावली. "हिचं बराबर आहे हं, प्राची. वर्षभर आपले पैसे त्या बाईंकडे बिनव्याजी पडून राहतात. आणि वर माल कमी."

"कागदाचे पैसे घेतात, कागदाचे!" रूपालीला जोर आला. "सोनेरी कागद काय तळून खायचा?"

कुसुमावतींनी अंजीर उचललं, बोटांनी दाबलं. "खरंच गं. टोपली जड आहे."

खरं सांगायचं तर रूपाली तिथेच जिंकली होती. कारण प्राचीनं वादच घातला नाही. ती टोपलीपाशी बसली, एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर आहे. बाजारात सस्तंच पडतं. ज्याच्या हातात दिवाळीच्या आधी एकगठ्ठा पैसे असतात आणि दोन दिवस फिरायला पाय असतात, त्यानं हॅम्पर घेऊच नये."

"मग आम्हाला कशाला गळ्यात मारलंस?"

"वसुंधराबेनच्या योजनेत बहुतेक बायका कशा आहेत सांगू? महिन्याच्या शेवटी घरात काही उरत नाही. डब्यात ठेवले तर कुणाचं दवाखान्याचं निघतं, कुणाचा नवरा काढतो. दर महिन्याला थोडे बाहेर देऊन टाकले की ते गेले. दिवाळीला मुलांसमोर काहीतरी येतं. त्यांना तूप अर्धा किलो मिळालं तरी ते मिळतं तर खरं ने? आपली सहा-सात नावं जास्त झाली तर बेनला मालाचा भाव कमी लागतो, म्हणून मी आपली नावं घातली. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

समरजित हसला. "हे पण खरं आहे. आपलं तरी काय, बोनस लांबला होता त्या वर्षी आपण भाऊबीज उधारीवर केली होती. आठवतं?" नवऱ्याला काय कधी आठवावं याची अक्कल नसते ती नसतेच. रूपालीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

"असतील अशी घरं," रूपाली म्हणाली. "पण आपल्यात कोण आहे बाई तसं? भोसल्यांचं, पागेतल्या माणसांचं घर हे. महिनाअखेरीला हात पसरणारं आपल्यात कुणी नाही."

नंदिनी उठून पाणी प्यायला आत गेली. प्राचीची नजर तिच्या मागोमाग गेली, आणि ते मात्र रूपालीला बरोबर दिसलं. काय म्हणून बघते ही तिच्याकडे? जशी काही हिचीच नणंद.

कुसुमावती म्हणाल्या, "झालं आता. दोघींचं बरोबर आहे. टोपली सुरेख, खोकंही सुरेख. आणा चवीला."

दोघींचं बरोबर! दोन दिवस पाय झिजवले, पैशा-पैशाची घासाघीस केली, नवऱ्यासमोर, सासूसमोर पुरावा मांडला, त्या बयेनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आणि शेवटी काय, तर दोघींचं बरोबर. शहाणी बाई तिथे थांबली असती. पण जळणाऱ्याला वाद विझलाय हे दिसत नाही. रूपालीनं एक ताटली घेतली, एका बाजूला आपली चकली ठेवली, दुसऱ्या बाजूला खोक्यातलं पाकीट फोडून त्यातली ठेवली.

"तुपा-काजूचं सोडा, आईसाहेब. ते काय कुणीही विकत आणतं. हात कुणाचा ते चवीत कळतं. घ्या."

नंदिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "वहिनीसाहेब, राहू दे ने," ती हळूच म्हणाली.

"का राहू दे? रीत आहे घराची."

कुसुमावतींनी रूपालीची चकली मोडली, खाल्ली. मग खोक्यातली मोडली. सावकाश चावली. पुन्हा एक तुकडा घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सारख्याच आहेत गं," त्या म्हणाल्या.

"सारख्या?"

"अगदी सारख्या. डोळे मिटून दिल्या तर मला सांगता यायचं नाही."

रूपालीनं खोक्यातली चकली उचलली, एक घास मोडला आणि नीट न चावताच सुरू झाली. "कसल्या सारख्या! तेल प्यालीये ही. भाजणी कच्ची आहे. मीठ बघा, समुद्र ओतलाय. कुठल्या तरी भाड्याच्या बाईनं दिवसाच्या पैशापुरती तळलेली दिसतेय. मन लागतं का अशा कामात? अशा हातचं खोक्यात भरून लोकांच्या मुलांना दिवाळी म्हणून खायला घालता? मी तर म्हणते हे गाईला घालायला पण नको, आज वसुबारस आहे, पाप लागेल!"

"ताई," प्राची म्हणाली. तिचा आवाज आजवर कधी असा आला नव्हता. "बस करा."

"का बस करा?" रूपाली दुसरा घास चावत होती. आणि चावता चावता थांबली.

आता जिभेवर नीट आलं होतं. मागाहून आलेला भाजलेल्या धण्याचा वास, आणि त्याखालून एक कुरकुरीत हलकेपणा. ज्वारीच्या लाह्या. भाजणीत मूठभर ज्वारीच्या लाह्या घालायची युक्ती रूपालीच्या आईची, आणि ती अख्ख्या बडोद्यात आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी तिची खात्री होती.

"माझी भाजणी आहे ही!" ती ओरडली. "प्राची! माझी भाजणी चोरलीस तू? माझ्या स्वयंपाकघरात येऊन, गोड गोड ताई ताई करून, माझ्या आईची भाजणी नेऊन विकतेस?"

"आत्ताच तर गाईला घालायच्या लायकीची नव्हती," समरजित वर्तमानपत्रामागून पुटपुटला. पण कुणी हसलं नाही.

प्राची खाली बघत सोनेरी कागदाच्या घड्या घालत राहिली. रूपालीला वाटलं, सापडली! वर्षभराचा सगळा जाळ एका क्षणात सार्थकी लागल्यासारखं वाटलं. "बोल ना. आता का दातखीळ बसली? नंदिनी, बघ तुझी मैत्रीण! हिच्यामागे रोज धावतेस ना छाणीला, बघ कशी आहे ती!"

कुसुमावतींनी पाकिटातल्या चकल्या ताटलीत ओतल्या होत्या. चष्मा वर सरकवून त्या एकेक चकली बघत होत्या. "प्राची," त्यांनी शांतपणे विचारलं, "तू डावरी आहेस का गं?"

"नाही, आईसाहेब."

"मग या उलट्या कशा फिरल्यात?"

रूपालीनं पाहिलं. तिची चकली मधून सुरू होऊन उजवीकडे वळत बाहेर गेली होती. खोक्यातली प्रत्येक चकली डावीकडे. सगळ्याच्या सगळ्या, एकसारख्या, सुबक, डाव्या हातानं पाडलेल्या. डाव्या हातात सोऱ्या धरणारी एकच मुलगी तिनं आयुष्यात पाहिली होती. तिला चकली शिकवताना आठ दिवस डोकं फोडून घेतलं होतं, आणि शेवटी म्हणाली होती, जाऊ दे बाई, तुझी उलटी तर उलटी, खुसखुशीत झाल्याशी कारण. लाह्यांची युक्तीही तिलाच सांगितली होती, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, सासरी नाव काढशील म्हणून.

"मी केल्यात," दारातून नंदिनी म्हणाली.



"यांचा करजणजवळचा कारखाना गणपतीत बंद झाला," नंदिनी बोलू लागली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "पगार नाही. माहेरी कळता कामा नये, अशी यांची शपथ. भोसल्यांचा जावई घरी बसलाय हे दांडिया बाजारात कळलं तर मी तोंड दाखवणार नाही म्हणाले. प्राचीनं वसुंधराबेनला सांगून मला तळणाचं काम मिळवून दिलं. रोज दुपारी छाणीला जाते ती त्यासाठी. सगळ्या खोक्यांतल्या चकल्या माझ्या आहेत. भाजणी मी सांगितली, तिनं नाही चोरली. महिनाअखेरीला काही न उरणारं घर आपल्यात कुठलं, असं विचारलंत ना, वहिनीसाहेब? माझं आहे."

कुसुमावतींनी पदर तोंडाला लावला. समरजित उभा राहिला, पण उभं राहून काय करायचं ते त्याला सुचेना.

रूपालीच्या हातात अजून ती अर्धी चकली होती. बोलायला कितीतरी होतं. जावई गजेंद्रराव कसे आहेत, हे होतं. मुलांच्या शाळेचं काय करतेस, हे होतं. माझं चुकलं, हे तर सगळ्यांत आधी होतं. मी जे बोलले ते गिळून टाकते, भाड्याची बाई म्हणाले ती जीभ झडो, हेही होतं. हे सगळं तिच्या मनात एकदम दाटलं, खरोखर दाटलं. रूपाली वाईट बाई नव्हती.

पण तोंडातून आलं ते भलतंच.

"प्राचीला केव्हापासून माहीत आहे?"

म्हणून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. समरजितनं डोळे मिटून घेतले.

नंदिनीनं आता कुठे तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर रूपालीला सोसला असता.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "आणि हेच विचाराल हे मला ठाऊक होतं, म्हणून तुम्हाला नाही सांगितलं."

"नंदिनी, अगं, मी..."

"तुमच्याकडे आले असते ना, तर आधी तुम्हाला याचा आनंद झाला असता की मी तिच्याकडे गेले नाही. मग माझं दुःख ऐकलं असतंत." ती वाकली, आईच्या पाया पडली. "येते मी, आईसाहेब. उद्या धनतेरस, उरलेल्या खोक्यांचे अजून दोन घाणे तळायचे आहेत. चव घेतलीत ना? जाऊ द्या म्हणा, म्हणजे झालं."

कुसुमावतींनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी रीत पाळली. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

प्राचीनं पर्स उचलली. रूपालीसमोर ती क्षणभर थांबली आणि नंदिनीच्या मागून निघाली. दार लोटलं गेलं.

रूपाली दाराशी गेली. उघडायचं तिच्या मनात होतं, कडीवर हातही ठेवला. जिन्यातून पावलं उतरताना ऐकू येत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि नंदिनीचा हुंदका वर आला. तो हुंदका रूपालीच्या ओळखीचा होता. सातवीत नापास झाल्यावरचा तो, पाठवणीच्या दिवशीचा तो, पहिलं मूल गेलं तेव्हाचाही तोच. इतकी वर्षं तो तिच्याच खांद्यावर आला होता.

"चाल ने, नंदिनीताई," खालून प्राचीचा आवाज आला. "रड, रड तू. मी आहे."

रूपालीला रडू आलं ते नंदिनीच्या दुःखानं, असं तिनं पुढे सगळ्यांना सांगितलं. पण कडीवर हात ठेवून उभी असताना तिला ठाऊक होतं की नणंद रडतेय याहीपेक्षा ती दुसरीच्या खांद्यावर रडतेय हे तिला जास्त लागलं होतं. तिनं दार उघडलं नाही.